सुपर कॉन्ट्रा, मुक्काम पोस्ट वर्धा

कॅसेटचा स्क्रू काढून कवच उघडलं, तर आत जवळजवळ काहीच नव्हतं. तळहातावर मावेल असा एक हिरवा बोर्ड, त्याच्या कडेला दोन्ही बाजू मिळून ६० सोनेरी पट्ट्या आणि मधोमध काळ्या इपॉक्सीचे वाळलेले ठिपके. चिपा त्या ठिपक्यांखाली गाडलेल्या. वर कंपनीचं नाव नाही, क्रमांक नाही, सालही नाही.

"पाहा भाऊ, अख्खी लढाई एवढ्यात हाय," दुकानातले काका म्हणाले आणि शाळकरी खोडरबर घेऊन पट्ट्या घासायला लागले.

वर्ध्याच्या बाजारातलं हे दुरुस्तीचं दुकान. पूर्वी इथे रेडिओ यायचे, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, आता बहुतेक मोबाइल. मधल्या काही वर्षांत व्हिडिओ गेम आले, आणि त्यांच्या बिघाडांवर दुकानाचा उन्हाळा निघायचा. कवचावरचा स्टिकर अर्धा उडालेला होता. उरलेल्या अर्ध्यात दोन उघडे दंड, दोन बंदुका आणि नावातला 'सुपर' एवढं दिसत होतं. तो 'सुपर' पाहूनच मी ती कॅसेट बाजूला काढायला सांगितली होती.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'पुढचा भाग' हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सिनेमा किंवा कादंबरी आली नाही. ज्यांचं बालपण नव्वदीत गेलं, त्यांच्यातल्या पुष्कळांनी पहिला 'पुढचा भाग' टीव्हीला वायर लावून खेळला, आणि तो पुढचा भाग आहे हे त्यांना कुणी सांगितलंही नाही. कॉन्ट्रा ठाऊक नाही असा त्या वयाचा माणूस वर्ध्यात सापडणं अवघड. 'सुपर कॉन्ट्रा' म्हटलं की मात्र समोरचा क्षणभर थांबतो, आणि मग विचारतो, "तो वरून दिसणारा स्टेज होता, तोच नं?"

तोच. त्या गेमचं दोनदा रूपांतर झालं. एकदा जपानमध्ये, चौकातल्या मोठ्या मशीनवरून घरच्या छोट्या डब्यावर. दुसऱ्यांदा इथे, आपल्या विजेवर, आपल्या टीव्हीवर, आपल्या उन्हाळ्यात. पहिल्या रूपांतराचं जगभर कौतुक झालं. दुसऱ्याची नोंद कुणी ठेवली नाही, आणि ज्यांच्या हातून ते झालं ती माणसं अजून भेटतात, म्हणून हा लेख.

पहिल्याचा दबदबा

कोनामी ही कंपनी १९६९ साली ओसाकात सुरू झाली. कागेमासा कोझुकी यांचा धंदा तेव्हा ज्यूकबॉक्स भाड्याने देण्याचा आणि ते दुरुस्त करण्याचा होता. हे ऐकून काकांनी खोडरबर खाली ठेवलं. "म्हंजे आपल्यासारखाच दुरुस्तीवाला!" त्यांना मनापासून आनंद झाला होता.

या कंपनीने १९८७ मध्ये कॉन्ट्रा आणला, नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवर. पुढच्याच वर्षी तो निन्टेन्डोच्या घरगुती डब्यावर आला, आणि त्याच १९८८ मध्ये मोठ्या मशीनवर सुपर कॉन्ट्राही आला. हा दुसरा भाग घरच्या डब्यावर यायला मात्र १९९० उजाडलं. जपानमध्ये तो फेब्रुवारीत आला, अमेरिकेत एप्रिलमध्ये, तिथे नाव आखडून 'सुपर सी' केलेलं. युरोपात तो १९९२ मध्ये 'प्रोबोटेक्टर २' म्हणून निघाला. जर्मनीतल्या हिंसाचारविषयक नियमांमुळे तिथे माणसांच्या जागी यंत्रमानव घातले होते. वर्ध्यापर्यंत पोचला तो माणसांचा गेम.

दुसऱ्या भागाची पंचाईत अशी की पहिला फारच लाडका होता. दोघांनी एका वेळी, एकाच बाजूने लढायचं, ही गोष्टच तेव्हा अपूर्वाईची होती. त्यातच ते 'एस' अक्षर. ते उचललं की एका दाबात पंख्यासारख्या पसरत पाच गोळ्या सुटायच्या. शिवाय तीस जीव देणारी खूण: वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, मग बी आणि ए. ही खूण काझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६ मध्ये ग्रेडियस या गेमचं घरगुती रूप तयार करताना, तपासणीसाठी सारखं खेळावं लागायचं आणि गेम त्यांना स्वतःलाच जड जात होता, म्हणून त्यांनी ती आत घातली. २०२० मध्ये ते गेले. त्यांची ही खूण वर्ध्यात कोणत्या मार्गाने आली, हे मी भेटलेल्या प्रत्येकाला विचारलं. मामेभावाने सांगितली, नागपूरच्या शेजाऱ्याने सांगितली, शाळेतल्या एकाने कंपासपेटीच्या झाकणावर लिहून आणली होती. छापलेली कुणीही पाहिली नव्हती.

सुपर कॉन्ट्रात ही खूण चालत नाही. तिथे उजवी, डावी, खाली, वर, मग ए, बी आणि स्टार्ट असा क्रम आहे, आणि जीव मिळतात दहाच. रामनगर भागात एके काळी गेमचं पार्लर चालवणारे एक गृहस्थ सांगत होते की नवी कॅसेट लावली त्या दिवशी पोरं भांडायलाच उठली. "मले म्हणे, डुप्लिकेट आणली. आता काय सांगू, साऱ्याच डुप्लिकेट होत्या!" नवी खूण त्यांच्या पार्लरमध्ये कुणालाच माहीत नव्हती. तीन जिवांवर आठ स्टेज पार करायचे होते. पोरं दोन दिवस मरत राहिली आणि परत जुन्या कॉन्ट्राकडे गेली. परतली नाहीत ती चार-पाच. तेवढ्यांनीच हा गेम खऱ्या अर्थाने पाहिला.

उभं मशीन, आडवा टीव्ही

आता पहिलं रूपांतर. मूळ मशीनचा पडदा उभा होता, उंच आणि अरुंद. घरचा टीव्ही आडवा. त्यामुळे चित्र नुसतं लहान करून भागणार नव्हतं. उंचीसाठी आखलेली जागा लांबीत पुन्हा मांडावी लागली: शत्रू कुठून येणार, उडी मारायला किती हवा मिळणार, तोफ कुठे बसणार, सगळंच नव्याने.

डबाही अगदी छोटा. १९८३ च्या जुलैमध्ये जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या या डब्याच्या, म्हणजे फॅमिकॉमच्या, आतल्या प्रोसेसरची गती १.८ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि कामाची मेमरी २ किलोबाइट. पडद्यावर हलत्या चित्रांचे तुकडे एका वेळी ६४, आणि एकाच आडव्या रेषेवर जास्तीत जास्त ८. एक सैनिक असे कित्येक तुकडे जोडून बनतो. दोन खेळाडू, समोरून तीन शत्रू आणि वर 'एस'च्या गोळ्या, की त्या आठांची मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. मग प्रोग्रामर काय करत? तुकड्यांचा क्रम दर चित्राला बदलत. या क्षणी एक गोळी दिसत नाही, पुढच्या क्षणी ती दिसते आणि दुसरीच गायब होते. डोळ्याला ते लुकलुकणं वाटतं, पण एकही गोळी कायमची हरवत नाही. आपल्याला जो बिघाड वाटायचा, ती आठांची मर्यादा सांभाळण्याची युक्ती होती. काकांकडे याच तक्रारीसाठी पुष्कळ डबे आले होते, आणि प्रत्येकाला त्यांनी सांगितलं होतं की हे दुरुस्त होत नाही, गेमच तसा आहे. बरोबर सांगितलं होतं.

रूपांतरात काही गेलं. मोठ्या मशीनवर तेच हत्यार दुसऱ्यांदा उचललं की ते आणखी ताकदवान व्हायचं. घरी ती सोय नाही. पण पदरात पडलं ते जास्त मोलाचं. मशीनवर पाच स्टेज होते, घरी आठ झाले. नाणं टाकून खेळणाऱ्याला मशीन लवकर संपवू पाहतं, कारण मागे रांग उभी असते. घरी कॅसेट विकत घेणाऱ्याला गेम पुरायला हवा. कोनामीने हा हिशेब ओळखून जागा वाढवली. पहिल्या कॉन्ट्रात पाठमोऱ्या सैनिकाने बोगद्यात पुढे पुढे जायचे स्टेज होते. त्यांच्या जागी इथे थेट माथ्यावरून दिसणारे स्टेज आले, घरच्या रूपात दुसरा आणि सहावा. आगीचं 'एफ' हत्यारही नव्याने घडवलं. गोळी सरळ जाते, आदळली की फुटते, आणि बटण दाबून धरलं तर मोठी होऊन सुटते. जुन्या कॉन्ट्रात कुणी 'एफ'ला हात लावत नसे. इथे त्याला मोल आलं.

माझं मत विचाराल तर घरचा सुपर कॉन्ट्रा हा मूळ मशीनपेक्षा सरस गेम आहे. पहिल्या कॉन्ट्राच्या घरगुती रूपाबद्दल असं पुष्कळ लोक म्हणतात. दुसऱ्याबद्दलही ते म्हणायला हवं.

स्वस्त कॅसेटमध्ये न मावलेला

मग तो कमी लोकांपर्यंत का पोचला? उत्तर त्या काळ्या ठिपक्यांखाली आहे.

जपानी फॅमिकॉममध्ये परक्या कॅसेटला अडवणारी कुलूप-चिप नव्हती. ती अमेरिकन डब्यात आली. त्यामुळे जपानी साच्यावर नकला काढणं सोपं गेलं, आणि ६० पट्ट्यांची कॅसेट हेच अर्ध्या जगाचं माप झालं. रशियात तो डबा 'डेंडी' नावाने विकला गेला, पोलंडमध्ये 'पेगासस', आपल्याकडे 'लिटल मास्टर' आणि आणखी कितीतरी नावांनी. नागपूरच्या सीताबर्डीतून माल यायचा, असं वर्ध्यातले सगळेच सांगतात.

डब्यासोबत बहुधा एक 'शेकडो गेमवाली' कॅसेट यायची. '९९९९ इन १' असं छापलेलं असलं तरी खरे गेम मोजकेच. तेच गेम वेगळ्या नावाने, वेगळ्या स्टेजपासून सुरू करून यादी लांबवलेली. असे गेम आकाराने छोटे असायचे. रणगाड्यांचा 'बॅटल सिटी' २४ किलोबाइटचा, सुपर मारिओ ४० चा. पहिला कॉन्ट्रा १२८, आणि सुपर कॉन्ट्रा २५६ किलोबाइटचा. मारिओच्या सहापटीहून मोठा. बरं, तो प्रोसेसर कॅसेटमधला प्रोग्राम एका वेळी ३२ किलोबाइटच पाहू शकतो. मोठ्या गेमचे भाग आळीपाळीने त्याच्या समोर धरायला वेगळी चिप लागते. नकला करणाऱ्याला गेमबरोबर त्या चिपेचीही नक्कल करावी लागायची.

म्हणून स्वस्तातल्या कॅसेटमध्ये सुपर कॉन्ट्रा सहसा मावत नसे. तो सुटा घ्यावा लागायचा, किंवा चार-पाच मोठ्या गेमच्या महागड्या कॅसेटमध्ये. घरी आई-वडील म्हणायचे, इतके गेम असताना हा एकच कशाला? तेव्हा तो घ्यायचे ते पार्लरवाले. पुढे बाजारात 'सुपर कॉन्ट्रा ७' नावाचीही कॅसेट फिरली. कोनामीने असा भाग कधी काढलाच नव्हता. त्या गर्दीत खरा दुसरा भाग कोणता, हे ओळखणं पोरांच्या आवाक्यातलं नव्हतंच.

चुकारा आल्यावर

हिंगणघाटला एक ताई भेटल्या. सरकारी दवाखान्यात परिचारिका आहेत, भाऊ पुण्याला असतो. त्यांच्या घरी डबा आला तो दिवाळीनंतर, कापसाचा चुकारा हाती पडल्यावर. "बाबा दिवाळीतच घेतो म्हणाले होते. पण कापूस देऊन पैसे यायले वेळ लागे. आम्ही दोघं रोज विचारत होतो, चुकारा आला का? आम्हाले चुकारा म्हणजे काय ते याच्यातूनच समजलं."

सुपर कॉन्ट्राची कॅसेट त्यांनी पार्लरमधून भाड्याने आणली होती, एका रविवारपुरती. अँटेनाची वायर काढून डब्याची लावायची, म्हणजे घरातल्यांची मालिका बंद. म्हणून खेळ दुपारी. ताईंच्या हातात कायम दुसरा रिमोट. कड्यावर चढायचा स्टेज त्यांना नेमका आठवतो, कारण तिथे भाऊ त्यांना मारायचा. पडदा वर सरकतो, आणि जो मागे राहतो तो खालच्या कडेला लागून मरतो. "मी ओरडत राहायची, थांब नं दादा, थांब नं! तो काही थांबे नाही." मग त्यांनी उपाय काढला: आधी आपण वर जायचं. भाऊ दोनदा मेला आणि तिसऱ्या वेळी दोघं एकत्र उड्या मारायला शिकली. हे सांगताना त्यांचे दोन्ही अंगठे हलत होते.

या गेममध्ये खेळ जतन करायची सोय नाही. सरावलेल्या हाताला सगळे स्टेज अर्ध्या तासात होतात, पण तो अर्धा तास सलग मिळायला हवा. भारनियमनाच्या वर्षांत तो मिळायचा नाही. पार्लरवाले गृहस्थ दारावर वेळापत्रक चिकटवत आणि वीज जायला अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ उरला असेल तर सुपर कॉन्ट्रा लावू देत नसत. त्याऐवजी रोड फायटर. पैसे परत देण्याची भांडणं त्यामुळे टळली.

आणि दुरुस्ती. ती ऐकण्यासाठी मी काकांच्या दुकानात परत परत जाऊन बसलो. उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. डब्यात ७८०५ नावाचा तीन पायांचा एक रेग्युलेटर असतो. अडॅप्टरकडून येणारे ९ व्होल्ट तो ५ वर आणतो, आणि मधला फरक उष्णता म्हणून टाकतो. नकली डब्यांत त्याला जोडलेला पत्रा कागदासारखा पातळ. दुपारी दोनला कूलरपासून लांब, गादीवर ठेवून खेळलं की तो तापायचा आणि चित्र गोठायचं. काका जुन्या टीव्हीतला जाड ॲल्युमिनियमचा तुकडा कापून तिथे बसवत आणि डब्याच्या तळाला भोकं पाडत. बाहेरून ओबडधोबड दिसायचं, पण डबा परत येत नसे.

रिमोटमध्ये बटणाखालच्या रबरावर कार्बनची टिकली असते. ती झिजली की बटण लागत नाही. सगळ्यात आधी मरायचं ते गोळीचं बटण, आणि काका त्यावरून ओळखत की या घरी कॉन्ट्रा आहे. मारिओवाल्यांचं उडीचं बटण जायचं. जुन्या कॅल्क्युलेटरच्या रबरातली टिकली कापून ते तिथे चिकटवत. कुठल्या कॅल्क्युलेटरची टिकली जास्त टिकते हे त्यांना पाठ होतं. डब्याचा आराखडा त्यांना कुणी दिला नव्हता. चालू डबा आणि बंद डबा शेजारी ठेवून मीटरने एक-एक टोक तपासत ते शिकले. १९३७ मध्ये याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकण्याची नई तालीम पुढे आली. गांधीजींनी १९३८ मध्ये ज्याचं उद्घाटन केलं त्या मगन संग्रहालयात चरखे आणि ग्रामोद्योगाची अवजारं आजही जपलेली आहेत. काकांच्या टेबलावरचा तो जाड पत्रा मला त्याच परंपरेतला वाटतो, आणि तो जपण्याच्या लायकीचा आहे असं मी गंभीरपणे म्हणतो.

सहा मिनिटांचं काम पाचात

कोनामीने २०१९ मध्ये कॉन्ट्राचे जुने गेम एकत्र करून बाजारात आणले. त्यात मोठ्या मशीनचा सुपर कॉन्ट्रा आहे आणि घरचा 'सुपर सी'ही. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर तो संच होता. एका संध्याकाळी तो घेऊन आम्ही काकांच्या दुकानात गेलो.

आधी मोठ्या मशीनचा लावला. इतकी वर्षं या गेमचे डबे उघडणाऱ्या माणसाने तो पहिल्यांदाच पाहिला. उभं, अरुंद चित्र बघून ते म्हणाले, "हे त खिडकीतून पाहिल्यावानी दिसते." रंग त्यांना आवडले, सैनिकांच्या चालीही. मग घरचा लावला. पहिलं संगीत सुरू झालं आणि त्यांनी मान वर केली. "हा पळून राह्यला. गाणं बी पळून राह्यलं."

भाच्याला वाटलं लॅपटॉपची काही सेटिंग आहे. तसं नव्हतं. जपान आणि अमेरिकेच्या टीव्हीवर चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा रंगतं, आणि हा गेम त्या प्रत्येक वेळी एक पाऊल पुढे टाकतो. आपला पाल पद्धतीचा टीव्ही आपल्या विजेच्या ५० हर्ट्झशी जुळवलेला. त्यासाठी बनवलेल्या नकली डब्यांतल्या चिपा सेकंदाला ५० चित्रं देतात. म्हणजे गेम एक षष्ठांशाने मंद. जपानमध्ये पाच मिनिटांत होणारं काम अशा डब्यावर सहा मिनिटं घेतं. संगीताची लयही तेवढीच उतरते. स्वर मात्र जवळपास तेच राहतात, कारण ते प्रोसेसरच्या गतीवर ठरतात आणि ती फारशी बदललेली नसते. म्हणून ते बिघडलेलं वाटत नाही, नुसतं ठाय लयीत वाटतं.

काकांनी खेळून पाहिलं. ज्या माणसाने दुरुस्तीनंतर तपासणी म्हणून शेकडो वेळा पहिला स्टेज पार केला होता, तो हेलिकॉप्टरपर्यंत पोचायच्या आत सगळे जीव घालवून बसला. उडी प्रत्येक वेळी किंचित उशिरा. हात सहा मिनिटांच्या हिशेबाने शिकलेला, समोर पाच मिनिटांचा गेम. त्यांनी विचारलं, हा हळू करता येतो का? त्या संचात तशी सोय आम्हाला सापडली नाही.

तेव्हा त्यांनी मागच्या खोलीतून १४ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही ओढून आणला, ती अर्ध्या स्टिकरची पिवळी कॅसेट डब्यात घातली आणि चॅनल जुळवलं. हेलिकॉप्टर पहिल्या दमात पडलं. दुसरा स्टेज, तो वरून दिसणारा, त्यांनी भाच्याबरोबर पार केला. तिसऱ्यात भाचा मेला, कारण त्याचा हात साठाचा.

भंगारवाल्याने तो टीव्ही मागितला होता आणि काकांनी देऊ केलाही होता. आता ते नाही म्हणतात. अडचण ईएचटीची आहे. ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा तो भाग जळला की टीव्ही संपला, आणि नवा कुठे मिळत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी देवळी आणि पुलगावच्या ओळखीच्या मेकॅनिकांना फोन लावले: त्याच मॉडेलचा कुठे पडून असेल तर फोडू नका, मी घेऊन जातो. पुलगावला एक आहे म्हणतात.